‘बघू’ म्हणणारा शेठ

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, “दुकानातला पोरगा कामं पुढे ढकलतो, त्याला कसं सुधारायचं?” त्याच्याकडे येऊच. आधी मालकाचं बोलू, म्हणजे माझंच.

प्रकाशात माझं मोटार-पाईप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक ऊस, केळी, पपई, कापूसवाले. पीक निघाल्यावर पैसा येतो, म्हणून उधारी द्यावीच लागते. एका जुन्या गिऱ्हाइकाकडे ४२ हजार थकले होते. माणूस घरोब्याचा. तो स्वतः यायचा बंद झाला, पण सालदाराच्या हाती चिठ्ठी पाठवून माल मागवायचा. काउंटरवरच्या पोरानं मला तीनदा विचारलं, “शेठ, यांना अजून द्यायचं का?” तिन्ही वेळा मी म्हणालो, “बघू.”

आता गंमत बघा. त्या महिन्यात मी रिकामा नव्हतो. रॅक नवीन लावले, सगळा स्टॉक एक्सेलमध्ये चढवला, दोनदा शहाद्याला जाऊन आलो. फक्त एक फोन तेवढा केला नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल आणि त्यांच्या सहकारी फ्युशिया सिरॉय यांनी २०१३ मध्ये हेच मांडलं: चालढकल हा घड्याळाचा प्रश्न नाही, मनाचा आहे. कामासोबत येणारी लाज, भीती, कंटाळा आपण टाळतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून उद्या पुन्हा तेच करतो. मला पैसे मागायचा संकोच होता, तो मी एक्सेलखाली झाकला.

पण नोकर आणि मालक यांच्या चालढकलीत फरक आहे. नोकरानं टाळलं तर एक काम अडतं. मालकानं टाळलं तर त्याच्याकडे बघून थांबलेली सगळी कामं अडतात. माझ्या ‘बघू’चा पोरानं त्याच्या परीनं अर्थ लावला आणि चिठ्ठी आणेल त्याला माल द्यायला लागला. चूक त्याची कशी म्हणणार?

आपल्या राज्यात यावर कायदाच आहे बरं का, लोक त्याला ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात. २००५ चा. सर्वसाधारण फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये आणि निर्णयासाठी ती तीनपेक्षा जास्त टप्प्यांतून फिरू नये, असं त्यात आहे. पाळला किती जातो हा वेगळा विषय! पण मी कल्पना उचलली. पोराला सांगितलं, दोन हजारांपर्यंतची उधारी तू ठरव, मला विचारू नको. त्यावरचं माझ्याकडे आण, आणि त्याच दिवशी शटर पडायच्या आत माझं ‘हो’ किंवा ‘नाही’ घे. ‘बघू’ म्हणालो तर ‘नाही’ धर.

फोन मात्र तरी राहिलाच होता. तो करायला लावला एका वकिलानं. दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. बोलता बोलता ते म्हणाले, उधार दिलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षं. मुदत संपण्याआधी समोरच्यानं बाकी मान्य करून लेखी सही दिली, तर तिथून पुन्हा मोजणी सुरू होते. घरी येऊन वही काढली. सगळ्यात जुन्या बिलाला दोन वर्षं नऊ महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी एक्सेल उघडायच्या आधी, चहा घ्यायच्याही आधी फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर दोन ओळींत लिहून ठेवलं होतं. बोलताना हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. पलीकडून ते म्हणाले, “भाऊ, तूच फोन करशील म्हणून वाट पाहत होतो. दुकानासमोरून जायलाही लाज वाटायची.”

संध्याकाळी स्वतः आले. १५ हजार रोख दिले, उरलेल्या बाकीवर तारीख टाकून सही केली. पोरानं पावती फाडली आणि लगेच विचारलं, “शेठ, आता यांना चार कोपर पाहिजेत. किंमत दोन हजारांच्या आत आहे. देतो.”