मंथरेचा डावा डोळा

1987 साल. रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागलं की ज्या घरात टीव्ही, तिथे अख्खी गल्ली गोळा व्हायची. पाठीला कुबड, बारीक केलेला डावा डोळा, कैकेयीच्या कानाशी लागलेली मंथरा दिसली की आयाबाया बोटं मोडायच्या.

ती म्हातारी मूकपटांच्या काळात बालकलाकार होती, हे त्या गर्दीत किती जणांना ठाऊक असेल?

मंथरा साकारणाऱ्या ललिता पवार मूळच्या येवल्याच्या. जन्म 1916चा, माहेरचं नाव अंबा सगुण. लहानपणीच त्या कॅमेऱ्यासमोर आल्या. पुढे मूकपटांत नायिका झाल्या, ‘कैलाश’ या चित्रपटाची सहनिर्मितीही केली. नायिका म्हणून बस्तान बसत असतानाच 1942मध्ये घात झाला. चित्रीकरणाच्या एका प्रसंगात अभिनेते भगवानदादांनी मारलेली थप्पड जोरात बसली; चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्याची नस दुखावली. उपचारांत सुमारे तीन वर्षं गेली. डोळा बारीक झाला तो कायमचाच, आणि नायिकेच्या भूमिका संपल्या.

मग त्याच डोळ्यानं काम मिळवून दिलं. तो किंचित मिचकावला की खाष्ट सासू उभी राहायची. पण ‘श्री 420’मधली मायाळू केळेवाली गंगामाईही त्यांचीच. ‘अनाडी’तल्या वरून कडक, आतून हळव्या मिसेस डिसानं त्यांना फिल्मफेअर मिळवून दिलं. 1961मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही आला.

मंथरा साकारताना त्यांनी सत्तरी गाठली होती.