खिडकीचा पडदा : उन्हाळ्यातले दुर्लक्षित पथ्य

उन्हाळा म्हटला की आपल्याला ताक, पन्हे, कांदा आणि डोक्यावरचा रुमाल आठवतो. खिडकी मात्र कोणाला आठवत नाही. ऊन बाहेर असते आणि आपण घरात असतो, मग भीती कशाची, असा आपला समज. हा समज किती महागात पडू शकतो, हे मला केदारखेडा येथील एका घराने शिकविले. ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवतो. तिच्यात एक चूक माझीही आहे, तीही सांगणार आहे.

या घरातले आजोबा निवृत्त शिक्षक. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणेही अडखळते झाले. मुलाने नवे स्लॅबचे घर बांधले होते. रस्ता दिसावा, करमणूक व्हावी, म्हणून गुरुजींची खाट पश्चिमेच्या मोठ्या काचेच्या खिडकीशी टाकली होती. हेतू चांगलाच होता. मे महिन्यात घरची मंडळी जवळच्या गावी लग्नाला गेली. शेजारच्या मुलाने दुपारी जेवण दिले व तो निघून गेला. साडेतीनच्या पुढे ऊन थेट खाटेवर आले. पडदा होता, पण तो ओढण्यासाठी उठून उभे राहणे भाग होते. सायंकाळी मंडळी परतली तेव्हा गुरुजींचे अंग भट्टीसारखे तापलेले, जीभ कोरडी आणि बोलणे असंबद्ध. वेळेवर रुग्णालयात नेले म्हणून ते वाचले.

घरातही उष्माघात होतो

शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाणे आणि माणूस बरळू लागणे किंवा बेशुद्ध होणे, ही उष्माघाताची खूण. तो शेतात राबणाऱ्याला होतो, तसाच बंद खोलीत पडून राहिलेल्या वृद्धालाही होतो. म्हातारपणी तहान कमी लागते, घाम कमी येतो. रक्तदाबासाठी घेतलेल्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी अधिक जाते. त्यात माणूस जागचा हलू शकत नसेल, तर ऊन सरकेपर्यंत तो उन्हातच राहतो.

आपल्या भागातली जुनी माळवदाची घरे आठवून पाहा. जाड मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचा थर, खिडक्या लहान. बाहेर वणवा असला तरी आत गारवा असे. आता पत्रे आणि स्लॅब आले, खिडक्या रुंद झाल्या, त्यांना सरकत्या काचा लागल्या. उजेड वाढला, पण काचेतून ऊन आत येते, जमीन आणि खाट तापते, आणि ती उष्णता त्याच काचेतून सहजासहजी बाहेर जात नाही.

सज्जा आहे की, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीला सज्जा पुरतो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे येते. ते सज्जाखालून शिरते, आणि तेही घर आधीच तापलेले असताना.

पडदा कोणता, कसा

ऊन काचेच्या बाहेरच अडविले तर सर्वांत उत्तम. बाहेरून लावलेला बांबूचा पडदा, वाळ्याचा पडदा, शेडनेट किंवा खिडकीसमोरचे निंबाचे झाड जे काम करते, ते आतला पडदा तितके करू शकत नाही. आतल्या पडद्यापर्यंत पोचलेली उष्णता घरात आलेलीच असते. तरीही आतला पडदा निरुपयोगी नव्हे. बाहेरच्या बाजूने पांढरा असलेला दाट पडदा बरेचसे ऊन काचेतून परत पाठवतो, आणि मुख्य म्हणजे माणसाच्या अंगावर ऊन पडू देत नाही.

कूलर असेल तर सर्व दारे-खिडक्या बंद करू नका. आपली हवा कोरडी आहे म्हणून कूलर चांगला चालतो, पण ओली हवा बाहेर जायला सावलीच्या बाजूची एक खिडकी उघडी हवी. पंख्याबाबत एक सूचना : खोलीचे तापमान ४० अंशांच्या वर गेले असेल, तर नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी पंख्यावर विसंबू नये, अंग ओल्या कपड्याने पुसत राहावे.

माझी चूक

गुरुजी घरी आल्यावर मी मुलाला सुचविले, नळीवर गुंडाळला जाणारा रोलर पडदा बसवा, त्याची मण्यांची साखळी खाटेपर्यंत सोडा, म्हणजे गुरुजी डाव्या हाताने ओढतील. सल्ला ऐकायला छान होता. महिन्याभरात तीन वर्षांची नात खाटेवर चढली, साखळीच्या फासात मान घालून खेळू लागली आणि खाली उतरताना लोंबकळली. गुरुजींना दिसत होते, पण ओरडता येईना. त्यांनी डाव्या हाताने उशाचा तांब्या खाटेच्या लोखंडी पट्टीवर आपटायला सुरुवात केली. सूनबाई चुलीपासून धावत आली. मुलगी वाचली. मानेवरचा लाल वळ मी स्वतः पाहिला आणि मला त्या घरात मान वर करवेना.

ही घटना एकट्या केदारखेड्याची नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या सांगण्यानुसार त्या देशात ५ वर्षांखालील सरासरी ९ मुले दरवर्षी पडद्याच्या दोरीचा फास बसून दगावतात. एका मिनिटाच्या आत, आवाजही न होता, हे घडू शकते. म्हणूनच तेथे २०१८ च्या अखेरीपासून दुकानात मिळणारे तयार पडदे बिनदोरीचे किंवा हाती न लागणाऱ्या दोरीचे करण्याचा नियम आला. आपल्या घरी साखळीचा पडदा असेल, तर साखळी ताणून खालच्या टोकाला भिंतीवर पक्की बसवा, आणि खाट, खुर्ची, पाळणा खिडकीपासून दूर ठेवा.

मोटारीचा पडदा

पुण्याला नोकरीस असलेल्या धाकट्या मुलाने अखेर पडद्याला मोटार बसविली. हे श्रीमंतांचे खूळ आहे, असे आधी माझेही मत होते. आता नाही.

रचना सोपी आहे. पडदा ज्या नळीवर गुंडाळतो, तिच्याच पोटात लांबट, गोल मोटार बसते. नळीचा आतला व्यास मोजून मोटार घ्यावी लागते आणि पडद्याचे वजन तिला पेलले पाहिजे. साखळी काढून टाकली जाते. पडदा वर कोठे थांबावा आणि खाली कोठे थांबावा, हे एकदाच ठरवून द्यायचे, मग मोटार तेथे आपोआप थांबते. जुनी साखळीच ओढणारी, भिंतीवर बसणारी मोटारही मिळते, पण तिच्यात साखळी राहतेच. लहान मूल असलेल्या घरात ती घेऊ नये.

भारनियमनाचा विचार करून बॅटरीवरची मोटार घ्यावी. दिवसातून दोन-चार वेळा वापरली तर एका चार्जिंगवर ती साधारणपणे काही महिने चालते. मोबाईलवरून किंवा ठरावीक वेळेला पडदा आपोआप पाडण्याचीही सोय असते. मुलाने दुपारी दोनची वेळ लावून दिली, त्यामुळे घरात कोणी नसले तरी चिंता नाही. मात्र इंटरनेट बंद पडले तरी हातातला रिमोट चालला पाहिजे, हे घेतानाच पाहावे. बोलून हुकूम देण्याची यंत्रेही आहेत, पण ज्याची वाचा अडखळते त्याला त्यांचा काय उपयोग? मोठ्या बटणांचा रिमोट बरा.

आणि हा रिमोटच दुसरा धोका आहे. त्यात बहुधा रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो. मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून गंभीर इजा होऊ शकते. रिमोटचे झाकण स्क्रूने बंद होणारे हवे. सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, शौचाची वाट पाहू नका, जेथे क्ष-किरण तपासणी होते अशा रुग्णालयात ताबडतोब जा.

सकाळी पडदा उघडा

दिवसभर अंधारात ठेवणे हाही उपाय नव्हे. सकाळचा प्रकाश डोळ्यांवर पडला की शरीराचे घड्याळ लागते, आणि रात्रीची झोप त्यावर अवलंबून असते. या घड्याळाच्या संशोधनासाठी २०१७ साली तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. दिवसा डुलक्या आणि रात्री जागरण, ही अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची नेहमीची तक्रार सकाळच्या उजेडाने पुष्कळ वेळा कमी होते. ड जीवनसत्त्वासाठी मात्र काचेतले ऊन उपयोगाचे नाही, त्यासाठी रुग्णाला थोडा वेळ ओसरीवर बसवावे.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. अंथरुणावरच्या रुग्णाची खाट पश्चिमेच्या खिडकीशी ठेवू नये.

२. ऊन शक्यतो काचेच्या बाहेर अडवावे. आतला पडदा दुपारी, ऊन येण्याआधी पाडावा.

३. लोंबती दोरी किंवा साखळी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

४. उष्माघाताची शंका आल्यास १०८ ला फोन करावा. तोवर सावलीत हलवावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, मान, काख व जांघेत थंड ओली फडकी ठेवावीत. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे कामाची नाही.

५. पाणी व ताक रुग्णाच्या हाताला लागेल असे ठेवावे.

हे सर्व मोटारीशिवायही होऊ शकते. शेजारच्या मुलाला दोन वाजता पडदा ओढून जा म्हणून सांगितले, तरी काम भागते. पण मागच्या खेपेस मी गेलो तेव्हा गुरुजींनी मला हाताने थांबविले, उशाखालचा रिमोट काढला आणि डाव्या अंगठ्याने बटण दाबले. पडदा सावकाश वर गेला. रस्त्यावरून शाळेची मुले चालली होती. गुरुजींनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. झटका आल्यापासून त्या घरात प्रत्येक गोष्ट कोणीतरी त्यांच्यासाठी करीत होते. ही एक गोष्ट ते स्वतः करतात. औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहिता येत नाही, म्हणून येथे लिहिले.