मोठा मासा का सोडतात?

मुलांनो, अमेरिकेत ग्रीन नदीवर फ्लेमिंग गॉर्ज नावाचे धरण आहे. ते १९६४ साली पूर्ण झाले. डोंगरांमधील त्याच्या थंड जलाशयात कोकानी सॅमन आणि लेक ट्राउट हे मासे राहतात. कोकानी समुद्रात जात नाही. तीन-चार वर्षांत तो अंडी घालून मरतो. ट्राउट कोकानीला खातो. पण तो फार सावकाश वाढतो. १९८८ साली येथे सुमारे २३ किलोचा ट्राउट गळाला लागला. एवढा वाढायला कित्येक वर्षे लागतात! लहान ट्राउट फार झाले, तर कोकानी कमी होतात. म्हणून जाणकार लोक लहान ट्राउट खाण्यासाठी नेतात आणि मोठा ट्राउट ओल्या हातांनी धरून लगेच पाण्यात सोडतात. सांगा बरे, मासा पकडणे अवघड, की हाती आलेला सोडणे?