पडद्यावरील खेळ आणि पराभवाचें मोल

खेळ म्हटला कीं जय आणि पराजय हे दोन्ही आलेच. हुतुतूच्या डावांत गडी बाद होतो, खोखोमध्यें खांबाजवळ पोंचतां पोंचतां पाठीवर थाप बसते, क्रिकेटमध्यें पहिल्याच चेंडूवर यष्टि उडते. आणि तरीहि दुसऱ्या दिवशीं तींच मुलें त्याच मैदानावर हजर असतात. हरल्यावर पुन्हां उभें राहण्याची ही संवय अंगीं बाणावी, म्हणूनच शाळांनीं अभ्यासाच्या जोडीला क्रीडांगणास स्थान दिलें आहे. परंतु अलीकडे मुलांच्या खेळण्याचा पुष्कळसा वेळ मैदानावर न जातां मोबाईलच्या किंवा संगणकाच्या पडद्यासमोर जातो. त्यावरून घरोघरीं वाद होतात. वडील म्हणतात, हें सारें खूळ आहे, तें बंद कर; मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हीं एकदां तरी खेळून पाहिलें आहे का?

आमच्या मतें दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य आहे आणि दोघांचेंहि बोलणें अपुरें आहे. 'पुस्तक' या एका शब्दांत ज्याप्रमाणें उत्तम ग्रंथहि येतात आणि रद्दींत घालण्याजोगीं बाडेंहि येतात, त्याप्रमाणें 'व्हिडिओ गेम' या एका नांवाखालीं अत्यंत भिन्न प्रकृतीच्या वस्तु एकत्र झाल्या आहेत. त्यांतून निवड कशी करावी, हा खरा प्रश्न आहे.

या दृष्टीनें गेल्या कांहीं महिन्यांत आम्हीं पांच खेळ स्वतः खेळून पाहिले व प्रत्येकाच्या बाबतींत एकच प्रश्न केला: खेळणारा हरला, म्हणजे हा खेळ त्याच्याशीं कसा वागतो? हा प्रश्न अगदींच नवा नाहीं. आपल्याकडील जुन्या मोक्षपटांत सापांना दुर्गुणांचीं व शिड्यांना सद्गुणांचीं नांवें दिलेलीं असत. सोंगटी सापाच्या तोंडीं पडली, कीं ती कशामुळें घसरली हें पटावरच वाचावयास मिळे. म्हणजे घसरण्यालाहि कांहीं अर्थ होता. आजच्या खेळांत तो अर्थ उरला आहे कीं नाहीं, हें पाहावयाचें आहे. आमचीं मतें आम्ही स्पष्टपणें मांडतों. तीं कोणास पटोत वा न पटोत, वाचकांस विचारास प्रवृत्त करोत म्हणजे झालें.

पहिला खेळ 'टेट्रिस'. मॉस्को येथील सोव्हिएट विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रांत काम करणारे अलेक्सेय पाजित्नोव्ह यांनीं तो १९८४ सालीं रचिला. त्यांच्या संगणकावर चित्रें काढण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांनीं कंसाच्या चिन्हांनींच चौकोन दाखविले. चार चार चौकोन जोडून झालेले सात प्रकारचे तुकडे एकामागून एक वरून खालीं येतात. ते फिरवून असे बसवावयाचे कीं आडवी ओळ पूर्ण भरावी. ओळ भरली कीं ती नाहींशी होते; न भरल्यास ढीग वाढत जातो आणि तो माथ्याला टेकला कीं डाव संपतो. तुकड्यांची गति वाढतच जाते, तेव्हां शेवटीं पराभव बहुधा ठरलेलाच. पण हा पराभव प्रामाणिक आहे. आपणच ठेवलेली फट आपल्याच डोळ्यांसमोर राहते, आणि पुढच्या डावांत ती कशी टाळावी हें आपल्याला कळतें. निन्टेन्डो कंपनीच्या १९८९ च्या आवृत्तींत २९ व्या पायरीपलीकडे माणसाचा हात चालणार नाहीं, अशी खेळाडूंची बरींच वर्षें समजूत होती. पुढें बटण दाबण्याच्या नव्या पद्धति निघाल्या, त्या एकानें दुसऱ्यापासून उचलल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यांतील तेरा वर्षांच्या एका मुलानें १५७ व्या पायरीपर्यंत मजल मारली. तेथें मुलगा थांबला नाहीं. खेळच बंद पडला. अनेकांच्या हजारों पराभवांतून झालेला हा विजय होता.

या खेळाचे दोषहि सांगितले पाहिजेत. त्यांत कथा नाहीं, भावना नाहीं. आणि तो डोक्यांतून लवकर जात नाहीं. हार्वर्ड येथील संशोधकांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, टेट्रिस खेळलेल्या पुष्कळांना झोंप लागतांना पडणारे तुकडे दिसत असल्याचें आढळलें. आपण खेळलों हेंहि ज्यांना आठवत नव्हतें, अशा स्मृतिभ्रंशाच्या कांहीं रोग्यांनाहि ते दिसले. निजण्यापूर्वीं हा खेळ नको, एवढें यावरून समजावें.

दुसरा खेळ 'सेलेस्ट'. कॅनडांतील मॅडी थॉर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो २०१८ सालीं पूर्णरूपानें प्रसिद्ध केला. त्याचें पहिलें लहान रूप थॉर्सन व नोएल बेरी या दोघांनीं २०१५ सालीं चार दिवसांत रचिलें होतें. मॅडलिन नांवाची एक तरुण मुलगी सेलेस्ट नांवाचा पर्वत चढावयास निघते. उडी मारणें, कड्याला धरून चढणें आणि हवेंत झेप घेणें, एवढ्याच तिच्या मुख्य क्रिया. वाटेंत कांटे आणि दऱ्या पुष्कळ. निमिषाचा उशीर झाला तरी ती पडते. पण पडली कीं लगेच त्याच टप्प्याच्या तोंडाशीं पुन्हां उभी राहते. दंड नाहीं, वाट पाहणें नाहीं, टोमणा नाहीं. किती वेळां पडलांत याची मोजदाद खेळ ठेवतो खरा, पण ती लाज म्हणून नव्हे. जितकें पडाल तितकें शिकाल, असें तो आरंभींच बजावतो. एका कड्यावर आम्ही साठांहून अधिक वेळां पडलों. दहाव्या वेळीं उडीची वेळ कळली, तिसाव्या वेळीं झेपेची दिशा कळली, आणि शेवटीं जेव्हां वर पोंचलों तेव्हां यांत दैवाचा भाग कांहीं नाहीं, हें आम्हांस पुरतें ठाऊक होतें.

मॅडलिनची भीति तिच्याच प्रतिबिंबाचें रूप घेऊन तिला अडविते. प्रथम ती त्या प्रतिबिंबाला टाळूं पाहते. मोठ्या पतनानंतर त्याच्याशीं समेट करते, आणि मगच शिखर गांठते. ज्यांचे हात मंद चालतात त्यांच्याकरितां खेळाचा वेग कमी करण्याची सोय आहे, हें आम्हांस विशेष आवडलें. न्यून म्हणावयाचें तर शेवटचे भाग फारच कठीण असून बोटें दुखूं लागतात, व कांहीं ठिकाणीं संवाद उपदेशाकडे झुकतात.

तिसरा खेळ 'पेपर्स, प्लीज' हा निराळ्याच जातीचा आहे. लुकस पोप या अमेरिकन रचनाकारानें तो २०१३ सालीं प्रसिद्ध केला. आर्स्टोट्झ्का नांवाचा एक काल्पनिक देश, १९८२ चें साल, आणि सीमेवरची तपासणीची चौकी. खेळणारा हा तेथील कारकून. येणाऱ्या प्रत्येकाचे कागद पाहावयाचे आणि परवानगीचा किंवा नकाराचा शिक्का मारावयाचा. जितकीं माणसें तपासावीं तितका पगार. चूक झाल्यास दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, पुढें दंड. रात्रीं घरच्यांच्या अन्नाचा, उबेचा व औषधाचा खर्च त्याच पगारांतून भागवावयाचा. एके दिवशीं एक मनुष्य येतो. त्याचे कागद बरोबर आहेत. जातां जातां तो सांगतो, माझ्यामागून माझी बायको येत आहे, तिच्यावर दया करा. तिचा एक परवाना नसतो. नियमानें तिला परत पाठविलें पाहिजे.

आम्हीं तिला आंत सोडलें. तत्काळ यंत्रांतून चुकीचा कागद बाहेर आला. येथें आमचा प्रश्नच उलटा झाला: हिशेबांत जी चूक, ती मनाला चूक वाटेना, आणि ज्या दिवशीं एकहि चूक न होतां पगार पुरा मिळाला, त्या दिवशीं आपण कोणाकोणाला परत पाठविलें हें आठवत राहिलें. सत्तेच्या यंत्रांतील लहानसा मनुष्य क्रूर कसा बनतो, हें दहा व्याख्यानांनीं जितकें कळणार नाहीं तितकें हा खेळ एका तासांत कळवितो. तथापि त्याचें वातावरण खिन्न आहे, त्यांत हिंसेचे व प्रौढांनींच समजून घ्यावयाचे कांहीं प्रसंग आहेत. सबब तो लहान मुलांसाठीं नव्हे. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनींहि तो वडील माणसांच्या माहितीनें खेळावा.

चौथा खेळ आपल्या महाराष्ट्रांतला आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळीनें २०२० सालीं 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. राजी ही कसरती करणारी मुलगी. असुरांनीं पळवून नेलेल्या गोलू या आपल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ ती निघते. दुर्गा आणि विष्णु हे तिची कथा सांगतात. राजस्थानी वाड्यांसारख्या इमारती, भिंतींवरील चित्रें व कळसूत्री बाहुल्यांच्या सांवल्यांतून सांगितलेले प्रसंग पाहून मन प्रसन्न होतें. आपल्याकडील कथा दुसऱ्यांनीं सांगितल्याखेरीज आपल्याला दिसूं नयेत, ही स्थिति पालटण्याचा हा स्तुत्य यत्न आहे. परंतु आपला म्हणून त्याची खोटी स्तुति करणें योग्य नव्हे. युद्धांचे प्रसंग कांहीं वेळानें एकसारखे वाटूं लागतात, आणि कथा रंगांत आली असतां ती एकाएकीं तुटल्यासारखी संपते. राजी हरली तर थोड्या अंतरावरून पुन्हां आरंभ करतां येतो. या बाबतींत खेळ सरळ आहे. पराभवाचा मोठा धडा मात्र खेळाच्या बाहेर आहे. या मंडळीनें २०१७ सालीं जनतेकडून वर्गणी मिळविण्याचा यत्न केला होता. ठरलेली रक्कम जमली नाहीं व तो यत्न फसला. तरीहि त्यांनीं काम सोडलें नाहीं आणि तीन वर्षांनीं खेळ पुरा करून दाखविला.

पांचवा खेळ 'कँडी क्रश सागा'. 'किंग' या कंपनीनें २०१२ सालीं काढलेला हा खेळ मुलांपेक्षां वडील माणसांच्याच हातांत अधिक दिसतो. एका रंगाच्या तीन मिठाया जुळवाव्या, म्हणजे त्या फुटतात. ठरलेल्या चालींत ठरलेलें काम पुरें करावें. रंग मोहक, आवाज गोड, आणि खेळावयास एक पैसाहि लागत नाहीं. मग दोष कोठें? दोष हरण्याच्या क्षणीं दिसतो. थोडक्यांत डाव हुकला कीं आणखी पांच चाली विकत घेतां का, असें विचारणें होतें. नकार दिल्यास एक जीव जातो. असे जीव पांच; गेलेला एक जीव परत येण्यास तीस मिनिटें लागतात. पांचहि गेले म्हणजे थांबा, मित्रांकडे मागा, किंवा पैसे द्या. पायऱ्या हजारों आहेत व त्यांत भर पडतच असते. म्हणजे शिखर गांठलें असें कधीं म्हणतां येत नाहीं.

सेलेस्ट पराभवाला शिकवण करतो, आणि हा खेळ पराभवाचा बाजार मांडतो. हें आमचें रोखठोक मत आहे. पैसे न देतां हा खेळ खेळणारे पुष्कळ आहेत, हें आम्ही जाणतों. पण ज्या खेळाची मिळकत खेळणाऱ्याच्या अधीरतेवर अवलंबून असते, त्याला आपल्या गड्यानें धीर धरावयास शिकावें असें कां वाटेल?

हा प्रकार एकाच खेळापुरता नाहीं. आंत काय आहे हें न सांगतां पेटी विकत घ्यावयास लावणारे खेळ आहेत. बेल्जममध्यें २०१८ सालीं अशा कांहीं पेट्या जुगारांत मोडतात असा निर्णय झाला. आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा संमत केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादींत खेळण्याच्या विकाराची नोंद आहे. मात्र ती नोंद पालकांनीं नीट समजून घ्यावी. मुलगा सुटींत दोन तास खेळला म्हणजे रोगी झाला, असा तिचा अर्थ नव्हे. खेळण्यावर ताबा न राहणें, इतर सर्व कामांहून खेळास अधिक महत्त्व देणें, नुकसान होत असतांहि तो न सोडणें, आणि हें बहुधा निदान बारा महिने चालणें, अशीं लक्षणें त्यांत सांगितलीं आहेत.

तेव्हां पालकांस आमची विनंति अशी कीं, बंदीचा हुकूम काढण्यापूर्वीं एक संध्याकाळ मुलाशेजारीं बसावें आणि तो हरतो तो क्षण पाहावा. हरल्यावर तो स्वतःशीं विचार करून पुन्हां यत्न करतो, कीं चिडून पैशाचें बटण शोधतो? खेळ संपवून तो उठूं शकतो, कीं खेळच त्याला उठूं देत नाहीं? याचीं उत्तरें जाहिरातींत मिळत नाहींत. तीं मुलाच्या चेहऱ्यावर मिळतात.

आणि विद्यार्थिबंधुभगिनींनो, तुम्हांस सांगावयाचें तें इतकेंच. पुढें परीक्षेंत, नोकरींत व संसारांत पराभवाचे प्रसंग तुमच्यावर येणारच आहेत. त्या वेळीं नवा जीव विकत मिळावयाचा नाहीं. ज्या खेळानें तुम्हांस साठ वेळां पडूनहि एकसष्टाव्या वेळीं शांतपणें उभें राहावयास शिकविलें, त्याचे आभार माना. जो तुमच्या प्रत्येक पडण्याची किंमत वसूल करतो, त्याला निरोप द्या.