बर्फाची वाट आणि घरची तारीख

ज्या भद्रावतीस वैशाखांतल्या दुपारीं अंगणाच्या फरशीवर पाऊल ठरत नाहीं, तेथील वाचकांस बर्फाच्या संकटाविषयीं सांगूं जाणें कदाचित् थट्टेचें वाटेल. परंतु मे २०१८ मध्यें याच चंद्रपूर जिल्ह्यांतील आश्रमशाळांच्या मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी, प्रमेश आळे, कविदास काठमोडे व विकास सोयाम या पांच विद्यार्थ्यांनीं एव्हरेस्टचें शिखर गांठलें. त्यांच्या यशामागें कित्येक महिन्यांचा सराव होता. आपल्या घरांतील तरुण मंडळी मात्र दिवाळीच्या सुमारास पंधरा दिवसांची रजा काढून थेट हिमालयाच्या पायवाटेस लागतात. त्यांच्यासाठीं, आणि त्यांस निरोप देणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठीं, हे चार शब्द.

आपल्या देवघरांतील शाळिग्राम ज्या काली गंडकीच्या पात्रांत सांपडतो, तिच्याच खोऱ्यांत नेपाळांतील मुक्तिनाथ क्षेत्र आहे. तेथें आतां मोटारीनेंहि जातां येतें. परंतु अन्नपूर्णा पर्वतास वळसा घालणारी प्रसिद्ध दीर्घ पायवाट पूर्वेकडून येते आणि ५,४१६ मीटर उंचीची थोरोंग खिंड ओलांडून मुक्तिनाथास उतरते. पावसाळा सरल्यावर आकाश निवळतें, म्हणून देशोदेशींचे प्रवासी ऑक्टोबरांत तेथें लोटतात.

१२ ऑक्टोबर २०१४ रोजीं हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यास लागलें. जोर ओसरल्यावर तें गडचिरोलीच्या शेजारच्या छत्तीसगडावरून उत्तरेस सरकलें. सखल प्रदेशांत त्याचा पाऊस झाला. १४ तारखेस थोरोंगच्या परिसरांत त्याचाच बर्फ झाला. वाटेवरील बहुतेकांस पूर्वसूचना मिळाली नव्हती. त्या भागांत चाळीसांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत परदेशी प्रवासी होते, भारतीय होते, आणि ओझीं वाहणारे व वाट दाखविणारे नेपाळी होते. कांहीं हिमस्खलनाखालीं सांपडले. कित्येकांची मात्र वाटच हरवली. आकाश व भूमि एकसारखीं पांढरीं झालीं, खुणेचे खांब दिसेनासे झाले, आणि उतरतां उतरतां ओल्या कपड्यांत शरीर गारठून गेलें.

बर्फाचा स्वभाव थोडक्यांत असा आहे. नवा थर जुन्या थरास लगेच घट्ट धरीत नाहीं. म्हणून मोठ्या हिमवर्षावाच्या वेळीं व त्यानंतरच्या दिवशीं ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत घातक असतात. अशा उताराखालची सपाट वाटहि निर्धास्त समजूं नये. गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वांचतो. पुढें आशा झपाट्यानें मावळते. दूरच्या हेलिकॉप्टरपेक्षां सोबत्याच्या हातांतील फावडें तेव्हां अधिक मोलाचें. पहाटे कठीण असलेला बर्फ दुपारच्या उन्हानें मऊ होतो व पाय रुतूं लागतात. शिवाय वारा चढतो. यास्तव खिंड सकाळींच ओलांडावी, आणि ढग दाटून आले तर मुक्कामाची जागा सोडूं नये.

हा शेवटचा नियम सर्वांत सोपा, पण पाळण्यास सर्वांत अवघड. परतीचें आरक्षित तिकीट, संपत आलेली रजा, घरीं सांगितलेली तारीख यांच्या ओढीनें शहाणा मनुष्यहि ढगांकडे पाहून न पाहिल्यासारखें करतो. म्हणून कार्यक्रम आंखतांना दोन-तीन दिवस रिकामे ठेवावे. उंचीवर दूरध्वनि पुष्कळदां लागत नाहीं, तेव्हां एक-दोन दिवस निरोप आला नाहीं तर घरच्यांनीं धीर सोडूं नये. आणि मुलगा, मुलगी अथवा सून खिंड न ओलांडतां परतली, तर “इतका खर्च करून अर्ध्या वाटेवरूनच आलांत?” असें कोणीहि विचारूं नये. तसें विचारलें जाणार नाहीं, हें त्यांस निघण्यापूर्वींच सांगून ठेवावें.