किती कापायचं?

‘इंजिन उतरवलंच आहे तर सगळंच मशीनला टाकू,’ हा सल्ला जुनी प्रीमिअर पद्मिनी बाळगणाऱ्याला हमखास मिळतो. नाशिकमध्ये तर मशीनची वाण नाही. सातपूरच्या मायकोतल्या डिझेल नोझलमुळे आणि ओझरच्या विमान कारखान्यामुळे मायक्रॉन हा शब्द इथं घराघरांत पोहोचला आहे. पण अचूक कापता येणं वेगळं आणि कापायचं की नाही हे ठरवणं वेगळं.

पद्मिनीचं इंजिन मूळ फियाट ११००चं. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ला कारखान्यात ते बनलं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५, एकूण १०८९ सीसी. बोअर एक मिलिमीटर वाढवला तर हा आकडा ११२२च्या आसपास जातो. ताकदीत फारसा फरक पडत नाही, ब्लॉकची भिंत मात्र तेवढी पातळ होते. कापलेलं लोखंड परत येत नाही. एका ब्लॉकच्या नशिबी मोजकीच बोअरिंग असतात, नंतर स्लीव्ह बसवावी लागते.

म्हणून पहिली तपासणी इंजिन उघडण्याआधीच. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्यायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्यायचं. आकडा चांगला चढला तर दोष रिंगा-बोअरमध्ये. हलला नाही तर व्हॉल्व्हकडे किंवा हेड गॅस्केटकडे पाहायचं, आणि मग बोअरिंगचा विषय तिथंच संपू शकतो.

उघडल्यावर बोअर गेज. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेनं व तिच्या काटकोनात. सर्वांत जास्त झीज वरच्या टोकाजवळ सापडते, कारण रिंग तिथं क्षणभर थांबून उलटते, उष्णता जास्त असते आणि ऑइल कमी पोहोचतं. पिस्टन एका बाजूला रेटला जात असल्यानं भोक लंबगोलही होतं. झीज एकदशांश मिलिमीटरच्या पुढं गेली की बोअरिंगचा विचार करायचा. त्याच्या बऱ्याच आत असेल तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात, अर्थात पिस्टनच्या खाचा शाबूत असतील तर. बोअरिंग ठरलंच, तर आधी ओव्हरसाइज पिस्टन हातात घ्यावेत आणि ते मोजून मगच बोअर करायला सांगावं. हा क्रम उलटा झाला, की ब्लॉक तयार आणि त्या मापाचा पिस्टन बाजारात नाही, अशी पंचाईत होते.

हेड ॲल्युमिनियमचं, गरम होऊन वाकणारं. सरळपट्टी व फीलर गेजनं पाहावं आणि लागेल तेवढंच फेसिंग करावं, कारण जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढून इंजिन ठोकू लागतं.

माझ्या पद्मिनीत सर्वांत जास्त झीज ०.०६ मिलिमीटर भरली. क्रँकचे जर्नलही गोल निघाले. वर्कशॉपला शेवटी दोनच कामं दिली : हलकं होनिंग आणि व्हॉल्व्ह सीट कटिंग.