विदूषक भिववितो तेव्हा

हास्य आणि भयानक हे दोन रस एकमेकांचे वैरी आहेत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. हसणारा मनुष्य भीत नाही आणि भ्यालेला मनुष्य हसत नाही, हा रोजच्या व्यवहारातला अनुभव या समजुतीच्या मुळाशी असावा. पाश्चात्त्य भयपटांनी गेल्या काही दशकांत जी एक व्यक्तिरेखा जगभर रूढ केली आहे, तिने मात्र या समजुतीला चांगलाच धक्का दिला आहे. ही व्यक्तिरेखा म्हणजे दुष्ट विदूषक. 1982 च्या 'पोल्टरगाइस्ट'मध्ये मुलाच्या खोलीत खुर्चीवर बसविलेली जोकराची बाहुली रात्री त्याच्यावर झडप घालते. स्टीफन किंग यांच्या 1986 च्या 'इट' या कादंबरीतला पेनीवाइज गटाराच्या तोंडाशी उभा राहून मुलांशी गोड बोलतो आणि त्यांना गिळतो. 1990 मध्ये दूरचित्रवाणीवर आणि 2017 मध्ये चित्रपटगृहांत तो पुन्हा अवतरला. बंगळूरसारख्या नगरात कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी आणि इंग्रजी चित्रपट एकाच आठवड्यात शेजारी शेजारी लागतात. तेथील प्रेक्षकाला हे पात्र आता अपरिचित राहिलेले नाही. प्रश्न असा, की हे पात्र आपल्या रसव्यवस्थेला सर्वस्वी परके आहे काय?

भरताकडे वळले तर उत्तर सहज 'होय' असे येत नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे विभाव सांगताना विकृत वेष आणि अलंकार यांचा निर्देश आहे. आणि त्याच अध्यायात भयानकाचे विभाव सांगताना विकृत ध्वनीचा व भूतप्रेतादिकांच्या दर्शनाचा. 'विकृत' हा शब्द दोहोंकडे समान आहे. जे नेहमीपेक्षा वेगळे, वेडेवाकडे झाले आहे, ते पाहून मनुष्य हसेल की भिईल, हे त्या विकृतीवरून ठरत नाही. ती किती अंतरावरून पाहिली, यावरून ठरते. भरताने हास्याला श्वेत वर्ण दिला आणि भयानकाला कृष्ण. पण हास्याची देवता कोण? प्रमथ! शंकराच्या भोवती नाचणारे, स्मशानात वावरणारे ते गण. हास्यरसाचे अधिष्ठान अशा भुतावळीकडे सोपविणाऱ्या परंपरेला पांढऱ्या तोंडाचा दुष्ट विदूषक पाहून फार आश्चर्य वाटू नये.

विदूषकाचे भरताने केलेले वर्णनही या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. बुटका, दात पुढे आलेला, कुबडा, टक्कल पडलेला, पिंगट डोळ्यांचा, विकृत मुखाचा. हे वर्णन दिवसाउजेडी, राजवाड्याच्या उपवनात, मोदकांच्या गोष्टी चालल्या असता हास्यास्पद वाटते. तोच पुरुष मध्यरात्री एखाद्या लहान मुलाच्या खिडकीशी उभा करून पाहावा! डच पंडित कायपर यांनी 1979 च्या आपल्या 'वरुण आणि विदूषक' या विषयावरील ग्रंथात तर विदूषकाचे मूळ वैदिक वरुणात, म्हणजे देवांच्या प्रतिस्पर्धी असुरपक्षात, शोधले. त्यांचा सिद्धान्त सर्वांना मान्य झालेला नाही, आणि संस्कृत नाटकातला पोटभरू ब्राह्मण पाहताना तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो हेही खरे. तथापि असुर आणि विदूषक यांच्यात नाते असावे ही शंका निराधार नाही. तिचा पुरावा पोथीत शोधण्यापेक्षा कोकणातल्या दशावताराच्या रंगभूमीवर शोधावा.

दशावताराच्या पूर्वरंगात, ज्याला आडदशावतार म्हणतात, गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन गेल्यावर संकासुर येतो. सारा वेष काळा; म्हणजे भरताच्या हिशेबाने भयानकाचा वर्ण. तो वेद चोरणारा दैत्य आहे. पण तो तोंड उघडतो ते मालवणीत, आणि सूत्रधाराशी त्याची जी जुगलबंदी चालते तीत गावातल्या चालू भानगडींपासून कशाचीही टवाळी वर्ज्य नसते. पुढे बसलेली लहान मुले त्याला पाहून आईच्या कुशीत दडतात आणि तेथूनच खिदळतात. येथे हास्य आणि भय यांची वाटणी झालेलीच नाही. शेजारच्या यक्षगानात ती झालेली आहे: रंगांच्या थरांखाली मुख लपविलेला, गर्जना करीत येणारा राक्षस वेगळा, आणि साध्या वेषात विनोद करणारा हास्यगार वेगळा. कोकणाने दोघांचे काम एकाच नटावर टाकले. अखेरीस विष्णू येऊन संकासुराला मारतो आणि मगच रात्रीचे मुख्य आख्यान सुरू होते. भीती आधी खेळवायची, हसायची, मग विधिपूर्वक तिचा वध करायचा आणि निश्चिंत मनाने कथा ऐकायची, अशी ही सोय आहे.

मराठीत 'सोंग' हा फार अर्थपूर्ण शब्द आहे. सोंग आणणारा तो सोंगाड्या. सोंग आणले जाते, वठविले जाते, आणि उतरविलेही जाते. त्याच्या आत कोणी गावचा, ओळखीचा माणूस आहे हे पाहणारा कधीच पूर्णपणे विसरत नाही. पेनीवाइजची भीती नेमकी येथून सुरू होते. त्याचे सोंग उतरविले तर आत माणूस नाही. रंगविलेले हसू हे त्याचे हसू नव्हे, आमिष आहे. भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितले, त्यांत दात न दिसणारे स्मित उत्तम जनांचे आणि आवाज चढवीत जाणारे अतिहसित अधमांचे. पाश्चात्त्य भयपटाने हे अतिहसित चेहऱ्यावर कायमचे गोठवून ठेवले. हसू म्हटले की ते उमटते आणि मावळते. जे मावळतच नाही त्याच्यामागे मन असेल असा विश्वास राहत नाही.

मराठी चित्रपटाने ही भीती उसनी घेण्याचा एक यशस्वी प्रयत्न केला, तो महेश कोठारे यांच्या 1993 च्या 'झपाटलेला'मध्ये. अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले' (1988) या चित्रपटाशी त्याचे नाते उघड आहे. शब्दभ्रमकाराच्या बाहुल्यात गुंडाचा आत्मा शिरतो, ही कल्पना मार्मिक होती. कारण शब्दभ्रमाच्या खेळात बाहुल्याचा विनोद वस्तुतः दुसऱ्याच्या कंठातला असतो आणि येथे बाहुला स्वतःच बोलू लागला. रामदास पाध्ये यांनी घडविलेला हा तात्या विंचू तेव्हा मुलांना भिववून गेला. परंतु आज मराठी माणूस त्याचे नाव काढतो ते हसत हसत. आपल्या प्रेक्षकाने त्यालाही संकासुराच्या पंक्तीला नेऊन बसविले, असे म्हणता येईल.

खरी अवघड गोष्ट पुढेच आहे. ज्या विदूषकाचे सोंग उतरविल्यावर आत माणूसच सापडतो, त्याचे काय? संस्कृत नाटकाने असा एक पुरुष निर्माण केला आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शकार, राजाचा मेहुणा संस्थानक. त्याला रावण आणि कुंती यांची जोडी लावण्यात काही गैर वाटत नाही. काळोखात तो माळेचा वास ऐकतो आणि दागिन्यांचा आवाज त्याला दिसत नाही. 'स'च्या जागी 'श' म्हणतो, म्हणून तो शकार. पहिल्या अंकात प्रेक्षक पोट धरून हसतो. आठव्या अंकात, पुष्पकरंडक उद्यानात, हाच मनुष्य आधी विटाला व गाडीवानाला वसंतसेनेचा वध करण्यास सांगतो. दोघेही नकार देतात, तेव्हा त्यांना दूर पाठवून तो स्वतः तिचा गळा आवळतो, पाल्याने तिचे शरीर झाकतो आणि न्यायसभेत जाऊन चारुदत्तावर खुनाचा आरोप ठेवतो. ती भिक्षूच्या शुश्रूषेने वाचते ही नाटककाराची कृपा. ज्या मूर्खपणाला आपण हसलो, त्याच मूर्खपणाने गळा दाबला. मध्यंतरी शकारात काहीच बदल झालेला नसतो. बदल एवढाच, की त्याच्याजवळ सत्ता आहे हे आता आपल्या ध्यानात येते. आधी हसलो याची थोडी शरमही वाटते.

पेनीवाइज कितीही अक्राळविक्राळ असला तरी तो आपल्यातला नाही, हा दिलासा प्रेक्षकाला मिळतो. शकार असा दिलासा देत नाही, म्हणून त्याची भीती मला अधिक खोल वाटते. गिरीश कार्नाड यांनी याच नाटकावरून 'उत्सव' (1984) दिग्दर्शित केला आणि शकाराची भूमिका शशी कपूर यांच्यासारख्या लोभस नटाकडे दिली, यात ही जाण दिसते. प्रेक्षकाला त्याचा लळा लागल्याखेरीज तो भिववू शकत नाही.

भाषांतरकारापुढे यातून एक लहानशी पण टाळता न येणारी अडचण उभी राहते. शकाराचा 'श' मराठीत आणावा हे सर्वांना पटते; पहिल्या अंकात 'वशंतशेना' म्हटले की हशा पिकतो. पण आठव्या अंकात तो प्रसंगाचे गांभीर्य घालवील, म्हणून तेथे शुद्ध 'स' लिहिण्याचा मोह होतो, आणि पुष्कळदा नटही तेथे बोबडेपणा आपण होऊन सोडून देतो. माझ्या मते हा मोह निग्रहाने आवरला पाहिजे. गळ्यावर हात पडत असताना त्या तोंडून तोच हास्यास्पद 'श' आला पाहिजे, आणि प्रेक्षागृहात कोणी तेव्हाही सवयीने हसलेच, तर त्याला हसू द्यावे.